मे महिन्यात तगेल, पण जुलैत?

अंगण-गॅलरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही मुलुंड पूर्वेला तळमजल्यावर राहतो. माझं वय ७२, हिचे गुडघे दुखतात. घरामागे ३० बाय १२ फुटांचं अंगण आहे. एका कोपऱ्यात जुना आंबा, बाकी सगळीकडे तीन वर्षांपूर्वी कंत्राटदाराकडून लॉन लावून घेतलं. मार्च लागला की ते करपायला लागतं. सोसायटीने आता उन्हाळ्यात पाइपने पाणी घालायला बंदी केली आहे, आणि टँकर सगळ्यांच्या पैशाने येतो म्हटल्यावर ते योग्यच आहे. मे महिनाभर आम्ही चिपळूणला असतो. एक नर्सरीवाला म्हणतो, निवडुंग, अगेव्ह (घायपात) लावून वर पांढरे गोटे टाकतो, पाणीच नको. माळी म्हणतो आंबा काढा, ऊन येईल. चार वर्षांचा नातू सुट्टीत इथेच खेळतो. कमी पाण्यात आणि कमी कष्टात काय करावं?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : काका, आधी आंब्याचं बोलते, कारण तो गेला तर पुढचं सगळंच अवघड होऊन बसेल. तुमच्या अंगणात पाणी वाचवणारी सगळ्यात मोठी गोष्ट तोच आहे. त्याच्या सावलीतली माती एप्रिलमध्येही हाताला गार लागते, उघड्यावरची सकाळी दहालाच तापलेली असते. वर्षभर पाचोळा मिळतो तो वेगळा. कायदाही आहेच : नागरी भागातल्या झाडांसाठी राज्यात १९७५चा कायदा लागू आहे, आणि जागा खाजगी असली तरी झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. फांद्या विरळ करायच्या असल्या तरी महापालिकेच्या टी वॉर्डच्या (मुलुंड विभागाच्या) उद्यान खात्यात अर्ज करा. माळ्याला कोयता घेऊन वर चढू देऊ नका.

आता लॉन. ३० बाय १२ फूट म्हणजे सुमारे ३३ चौरस मीटर. कडक उन्हात गवतातून आणि मातीतून दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी उडून जातं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. हिशेब करा : रोजचे १६५ लिटर, तेही लॉन नुसतं जिवंत राहावं म्हणून. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरून पुरवठ्याचं नियोजन करतात. म्हणजे तुमच्या घरात एक जास्तीचा माणूस राहतोय आणि तो घरातल्या कोणाहीपेक्षा जास्त पाणी पितोय. तानसा, भातसा, वैतरणाच्या धरणांतून इतक्या लांबून आलेलं, शुद्ध केलेलं पाणी गवतावर जाताना पाहिलं की माझा जीव तुटतो. लॉन काढायचा निर्णय तुम्ही मनात घेतलेलाच दिसतो. आता मागे फिरू नका.

नर्सरीवाल्याचं मात्र अजिबात ऐकू नका. त्याने फक्त मे महिन्याचा विचार केला आहे. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तुमच्या तेवढ्याशा अंगणावर साठ-सत्तर हजार लिटर पाणी कोसळतं, आणि मग ऑक्टोबरनंतर जवळजवळ काहीच नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर झाला होता, ते तुम्ही पाहिलंच असेल. अशा ठिकाणी अगेव्ह आणि वाळवंटातले निवडुंग मे महिन्यात दिमाखात उभे असतात आणि जुलैत बुंध्याशी कुजतात. वरून हिरवे दिसतात, हात लावला की गर आतून पातळ झालेला. पांढऱ्या गोट्यांवर पहिल्याच पावसाळ्यात शेवाळ धरतं, फटींत आंब्याचा पाचोळा अडकतो, आणि तो वेचायला वाकणार कोण? काकू? शिवाय अगेव्हच्या पानाच्या टोकाला दाभणासारखा काटा असतो, तो नेमका चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो.

म्हणून मुंबईत झाड निवडताना मी दोन प्रश्न विचारते : हे मे महिन्यात तगेल का, आणि जुलैत तगेल का? दोन्हींना 'हो' म्हणणारी झाडं शोधायला लांब जायला नको. तुमच्या मागेच, येऊरच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांवर ती आहेत. त्या उतारांना कोणी पाणी घालत नाही. चार महिने चिंब, आठ महिने कोरडे, आणि दर जूनमध्ये पुन्हा हिरवेगार. ही झाडं उन्हाळा तीन तऱ्हांनी काढतात. काही पानं गाळून मोकळी होतात, काही वरचं सगळं टाकून जमिनीखाली कंदात झोपतात, आणि काहींची पानं मुळातच चिवट असतात. तुमच्या अंगणात तिन्ही तऱ्हा हव्यात.

पण रोपांच्या आधी माती बघायची. मुंबईत इमारतीमागच्या मोकळ्या जागेत बहुतेक वेळा बांधकामाचं डेब्रिज आणि मुरूम पुरलेला असतो, वर कंत्राटदाराने चार इंच लाल माती पसरलेली असते. ती पावसात लोण्यासारखी होते आणि उन्हात विटेसारखी. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा करा. पाण्याने भरा, ते जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि घड्याळ बघा. तीन-चार तासांत जिरलं तर उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसलं तर तिथे थेट जमिनीत काहीही लावू नका. दहा इंच उंच वाफा करून त्यात लावा. तो जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधला तर काकूंना कडेवर बसून काम करता येईल. मातीत एक तृतीयांश चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पाचोळ्याचं खत आणि थोडा विटांचा चुरा घाला. उतार घराच्या भिंतीपासून दूर, गटाराकडे हवा. वाफ्याची माती घराच्या प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, वर चढू देऊ नका, नाहीतर पावसाळ्यात आतल्या खोलीला ओल येईल.

आता आखणी. मागच्या कंपाउंडच्या भिंतीलगत अडुळशाची रांग, दोन-दोन फुटांवर. अडुळसा मला फार आवडतो आणि नर्सऱ्यांमध्ये त्याला कोणी विचारत नाही याचं वाईट वाटतं. हिवाळ्यात पांढरी फुलं येतात, शेळ्यासुद्धा पानांना तोंड लावत नाहीत, कीड क्वचित, आणि एकदा मूळ धरलं की एप्रिलमध्येही हिरवा. वर्षातून दोनदा छाटला की झालं. खोकल्याला पानं होतील, पण ती वैद्यांना विचारून.

आंब्यापासून लांबच्या, उन्हाच्या कोपऱ्यात पांढरा चाफा. फांदीच लावायची, पण कापल्यावर चार-पाच दिवस सावलीत ठेवून चीक सुकू द्या. ओली लावली तर कुजते. चीक हाताला लागला तर धुवा. पावसाळ्याच्या शेवटी पानांच्या मागे तांबूस-पिवळी भुकटी दिसेल, तो तांबेरा आहे. औषध मारत बसू नका, पानं तशीही गळणारच आहेत. फेब्रुवारीत चाफा नुसता खराटा दिसतो. शेजारचे येऊन 'मेला वाटतं' म्हणतील. त्याच्याकडे तेव्हा नीट बघा : राखाडी फांद्यांवर गळलेल्या पानांचे वण गोल गोल उमटलेले असतात आणि टोकं मात्र टणक, फुगलेली, हिरवट असतात. नखाने हलकेच खरवडलं तर आत चीक. पाण्याचा एक थेंब न मागता तो बसलेला असतो आणि एप्रिलमध्ये पानांआधी फुलांचे झुबके काढतो.

चाफ्याच्या पुढच्या वाफ्यात पिवळी कोरांटी, अबोली आणि सदाफुली. कोरांटीला काटे असतात, ती मागे लावा. अबोलीला दुपारनंतरची सावली मानवते. बोगनवेल हवी असेल तर एकच, भिंतीवर चढवून. पाणी आखडतं ठेवलं की ती जास्त फुलते, लाडाने रोज पाणी घातलंत तर नुसती पानं येतील.

आंब्याखाली काही उगवत नाही ही सगळ्यांचीच तक्रार असते. तिथे झुडपं रेटू नका. पाचोळा तसाच पडू द्या आणि त्यात भुईचाफ्याचे आणि रानहळदीचे कंद लावा. भुईचाफा वळवाच्या सुमारास एक पानही नसताना थेट मातीतून वर येतो, पांढऱ्या पाकळ्या, मधली जांभळी, सुगंध असा की वाकून शोधावं लागतं. रानहळद गणपतीच्या आसपास फुलते. दोघांचीही पानं पावसाळा सरल्यावर पिवळी पडून आडवी होतात, कंद मातीत राहतात. उन्हाळ्यात त्यांना पाणी घालायचं नाहीच, घातलं तर कुजतील. कंद नर्सरीतून किंवा कोणाच्या परसातून घ्या, डोंगरावरून उपटून आणू नका. कळलावी म्हणजे अग्निशिखाही अशीच कंदात झोपणारी आणि फार देखणी, पण तिचा कंद जहाल विषारी. नातू मोठा होईपर्यंत ती नको. कण्हेरही त्याच कारणासाठी नको, ती मुळापासून फुलापर्यंत विषारी असते.

नातवाला खेळायला मधे दहा बाय आठचा तुकडा ठेवा आणि त्यात हरळी लावा. हो, गणपतीला वाहतो त्याच दूर्वा. लॉनवाले तिला तण म्हणून उपटतात. पावसाळाभर ती मऊ हिरवी असते, दिवाळीनंतर खरखरीत होते, मार्चमध्ये पिवळी पडते. पडू द्या. पाणी घालू नका, खत घालू नका, नवीन आणून लावू नका. जूनच्या पहिल्या चार सरी झाल्या की आठवड्याभरात गाठीगाठीतून हिरवे कोंब दिसायला लागतात. एप्रिलमध्ये अंगण पिवळं दिसलं म्हणून कोणी तुम्हाला 'बागेकडे लक्ष नाही वाटतं' असं म्हणालं तर त्यांना येऊरचा डोंगर दाखवा. इथे उन्हाळा हा झाडांच्या विश्रांतीचा काळ आहे, आणि तो मोडून काढण्यातच आपलं सगळं पाणी आणि सगळे कष्ट जातात.

प्लास्टिकचं लॉन सुचवायलाही कोणी ना कोणी येईलच. उन्हात ते पायाला चटका देतं, आणि खालच्या आंब्याच्या मुळांना हवा-पाणी नीट मिळत नाही. वाटेसाठी जुने शहाबादी तुकडे मातीवर, बोटभर फटी ठेवून बसवा, खाली सिमेंट नको.

ज्यांना खरंच पाणी लागतं अशी चार झाडं स्वयंपाकघराच्या दाराशी एकत्र ठेवा : कढीपत्ता, गवती चहा, तुळस आणि मोरीजवळ अळू. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी तिथे ओता. एसीचं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मात्र क्षार साठलेले असतात, ते लादी पुसायला वापरा. कपड्यांच्या साबणाचं पाणी झाडांना नको.

याच चौघांसाठी आणि पहिल्या वर्षी चाफा-अडुळशासाठी मातीत माठ पुरा. धारावीच्या कुंभारवाड्यात साधे, रंग न दिलेले छोटे माठ मिळतात. रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचा, भरायचा, वर घट्ट बसेल अशी झाकणी ठेवायची. झाकणी विसरू नका, उघड्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेचे लोक तपासायला येतात ते उगाच नाही. दुसऱ्या दिवशी माठाशेजारची माती बोटाने उकरून बघा. वरचा थर कोरडा, भुसभुशीत. पण दोन बोटं खाली माठाला चिकटून ओलीचा गडद पट्टा, आणि काही महिन्यांनी तिथेच पांढऱ्या बारीक मुळांचं जाळं माठाला बिलगलेलं दिसेल. माती कोरडी झाली की माठ पाझरतो, ओली असली की थांबतो. माठाचा आकार आणि मातीचा पोत पाहून चार-पाच दिवसांनी भरावा लागतो.

लागवड आत्ता नको. जूनच्या शेवटी, पाऊस बसल्यावर करा. सप्टेंबरपर्यंत मुळं खाली जातात. ऑक्टोबरचं ऊन सुरू व्हायच्या आत सगळ्या उघड्या मातीवर तीन इंच पाचोळ्याचं पांघरूण घाला; नारळाच्या शेंड्या, रसवंतीवाल्याकडची वाळवलेली उसाची चिपाडं, काहीही चालेल. खोडाला मात्र चार बोटं मोकळी ठेवा. पावसाळ्यात हा थर कमी करा, नाहीतर गोगलगायी त्यात घर करतात. पाणी रोज शिंपडू नका. वरवर ओलावलं की मुळंही वरच राहतात. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, पोटभर.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. कमी पाण्याची झाडंही पहिला उन्हाळा स्वतःच्या जिवावर काढू शकत नाहीत. लागवडीनंतरच्या पहिल्या मे महिन्यात तुम्ही चिपळूणला जाल तेव्हा शेजाऱ्यांना किंवा वॉचमनला आठवड्यातून दोनदा माठ भरायला सांगून जा. दुसऱ्या वर्षी फक्त दारातल्या चौघांसाठी सांगा. तिसऱ्या वर्षी तुळस आणि अळवाखेरीज कोणाचीच काळजी नसेल.

आणि माळी स्वस्तात वेडेलिया किंवा बुटकी घाणेरी आणून देईल, 'पाणी नको, पसरते छान' म्हणेल. पसरतेच, आणि मग दुसऱ्या कशालाही जगू देत नाही. दोन्ही नकोत.

प्रश्न : कांदिवलीला अकराव्या मजल्यावर पश्चिमेची गॅलरी आहे. दुपारी दोनपासून ऊन आणि भन्नाट वारा. वीस छोट्या कुंड्या आहेत, संध्याकाळी सगळ्या माना टाकतात. पाणी जास्त झालं की खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळतं आणि भांडण होतं. नोकरीमुळे रोज वेळ नाही.
— एक वाचक, कांदिवली

उत्तर : वीसच्या सहा करा. सहा इंची कुंडीतली माती अशा वाऱ्यात दिवसात सुकते. बारा-चौदा इंची कुंडी तीन-चार दिवस काढते. रंग न दिलेल्या मातीच्या कुंड्या चारही बाजूंनी पाणी सोडतात, त्यामुळे तुमच्या मजल्यावर प्लास्टिक किंवा फायबरच्या घ्या, फिकट रंगाच्या. त्या ग्रिलवर टांगू नका, आतल्या बाजूला जमिनीवर एकमेकींना चिकटून ठेवा. एकमेकींच्या आडोशाने वारा कमी लागतो.

मातीच्या मिश्रणात एक तृतीयांश कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा भुसा) घाला, जास्त नको, एकदा पूर्ण सुकलं की ते पुन्हा भिजायला त्रास देतं. झाडं : बाहेरच्या ओळीत बोगनवेल आणि सदाफुली, मधे जेड आणि पानओवा, भिंतीकडे स्नेक प्लांट आणि कोरफड. जेड आणि कोरफड जूनमध्ये पावसाच्या झडीपासून आत घ्या. हेही जुलैच्या प्रश्नातच मोडतं. पेट्युनिया, फर्न, कॅलेडियम विसरा, तुमच्या गॅलरीत त्यांचे हाल आहेत.

गळतीसाठी कुंडीखाली खोल बशी, त्यात खडी, आणि पाणी हळू, दोन हप्त्यांत : अर्धा तांब्या, दहा मिनिटं थांबून अर्धा. भसाभस ओतलेलं पाणी माती आणि कुंडीच्या फटीतून थेट खाली जातं, मूळ कोरडंच राहतं. बशीत पाणी साठून राहिलं तर ओतून टाका, डासांसाठी. गावाला जाताना बादलीभर पाणी स्टुलावर ठेवा आणि जाड सुती दोरीचं एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं कुंडीच्या मातीत चार इंच खोल पुरा. जाण्याच्या दोन दिवस आधी लावून बघा, दोरी चालते की नाही ते कळेल.

प्रश्न : मढला समुद्रापासून शंभरेक पावलांवर आमचं बैठं घर आहे. पुढे वाळूच. जे लावू ते पावसाळ्यातल्या खाऱ्या वाऱ्याने काळं पडतं. गोड्या पाण्याची टंचाई. काय लावू?
— एक वाचक, मढ

उत्तर : समुद्राकडच्या बाजूला आधी आडोसा उभा करा, बाकीचं त्यानंतर. उंडी आणि भेंड ही दोन्ही किनाऱ्याचीच झाडं, खारा वारा सोसणारी. भेंड लवकर वाढतो, उंडीला वेळ लागतो पण ती पिढ्यान्‌पिढ्या राहते. दोन्ही आलटून पालटून लावा, दहा-बारा फुटांवर. वाळूवर मर्यादवेल सोडा. आपट्यासारखी दुभंगलेली पानं, जांभळी-गुलाबी फुलं. ती पेराला पेर मुळं धरत जाते आणि वाळू उडू देत नाही. तिला गोडं पाणी द्यायची गरज नाही. किनाऱ्यावर पसरलेली असेल तिथून हातभर लांबीच्या दोन-तीन फांद्याच आणा, वेल उपटू नका, आणि पावसाच्या तोंडावर वाळूत आडव्या पुरून टोकं बाहेर ठेवा.

चाफा, कोरांटी, सदाफुली आडोशाच्या आत, घराच्या भिंतीशी लावा. वाळूत पाणी थांबत नाही, त्यामुळे इथे कुजण्यापेक्षा सुकण्याचा धोका मोठा. प्रत्येक खड्ड्यात दोन घमेली शेणखत आणि तळाला नारळाच्या सोडणांचा थर, तंतू वर करून. सोडणं आधी पावसात भिजवून, निथळून घ्या. विहिरीचं पाणी वापरत असाल तर मे महिन्यात ते चाखून बघा. खारट लागलं तर त्या महिन्यात झाडांना घालू नका, पाचोळा जाड करा आणि पावसाची वाट बघा.